आपली पहिली कादंबरी आणि लंडनचे प्रकाशनविश्व

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)





संयोजकांनी मला आरोग्यावर बोलण्यास सुचविले होते. परंतु रक्तदाब आणि मधुमेहाविषयी आपण माझ्याकडून पुष्कळ ऐकले आहे. आपल्यातील काही तरुण मुलामुलींनी अलीकडे आपल्या कादंबऱ्यांची हस्तलिखिते मला वाचावयास दिली. या वयात मीही त्याच वाटेवरचा उमेदवार आहे. म्हणून आज त्याविषयी.

महाराष्ट्रात लेखक बहुधा आपले लेखन घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो. इंग्लंडमध्ये मात्र बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाने परस्पर पाठविलेली कादंबरी वाचतच नाहीत. ती लिटररी एजंटमार्फत यावी लागते. हा एजंट म्हणजे लेखकाचा वकील आणि अडत्या दोन्ही. पुस्तक विकले गेले तरच त्याला वाटा मिळतो. देशातील विक्रीवर साधारणतः १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के. म्हणून केवळ वाचण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

एजंटांची नावे 'रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक'मध्ये मिळतात. आपल्या विषयाची पुस्तके कोणी हाताळली आहेत हे पाहून निवड करावी. एक पानाचे पत्र, शेवटासह कथासार आणि पहिली तीन प्रकरणे, एवढेच सहसा मागितले जाते. परंतु कादंबरी पूर्ण लिहून झाल्याखेरीज पाठवू नये. करार हाती आला, तर सहीपूर्वी १८८४ साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ ऑथर्स'चे सभासद होऊन सल्ला घ्यावा.

आता नकाराविषयी. पिढ्यान्‌पिढ्या दारातून परत पाठविलेल्या समाजाला साधा छापील नकारही जुन्या जखमेवर लागतो. परंतु प्रत्येक नकार हा अपमान नसतो. मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' ही कादंबरी एकोणीस प्रकाशकांनी नाकारली होती. अखेर ई. एम. फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेसह ती १९३५ साली लंडनमध्ये विशार्टने प्रसिद्ध केली.

मलाही नकार आले. एका एजंटने मात्र सविस्तर पत्र लिहिले. पहिली दोन प्रकरणे संथ आहेत, असे त्यात होते. पुढे विचारले होते की, इथल्या वाचकाला जात समजत नाही. तेव्हा नायकाचे वडील नुसते गरीब दाखविता येतील काय? ते पत्र मी कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडलो. छापून येण्याचा मोह लहान नसतो.

त्या वेळी मला बाबासाहेबांच्या चरित्रातील दोन प्रसंग आठवले. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध लंडन विद्यापीठाच्या परीक्षकांनी पुन्हा लिहावयास सांगितला. बाबासाहेबांनी निष्कर्ष कायम ठेवून मांडणी बदलली, डी.एस्सी. मिळविली आणि १९२३ साली तो ग्रंथ लंडनमध्येच पी. एस. किंग यांनी प्रकाशित केला. पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांच्या अध्यक्षीय भाषणातील काही मजकूर गाळून हवा होता. तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे त्यांनी कळविले. मंडळाने परिषद रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले आणि त्याच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

मांडणी सुधारावी, सत्य गाळू नये. एवढा विवेक मी त्यातून घेतला. पहिल्या दोन प्रकरणांचे एक केले. वडिलांची जात तशीच ठेवली. त्या एजंटने पुढे नकार दिला. हस्तलिखित आता दुसऱ्याकडे आहे.

बंधू-भगिनींनो, 'अनटचेबल' सहानुभूतीने लिहिलेली आहे. परंतु ती स्वतः ते जिणे न जगलेल्या लेखकाने लिहिली. तिच्या शेवटी नायकापुढे मिशनरी येतो, गांधीजी येतात, मैला वाहून नेणारे यंत्र येते. बाबासाहेब येत नाहीत. ती प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली होती. आपला इतिहास दुसऱ्यावर सोपविला की तो असा अर्धा राहतो.

आपल्यापैकी अनेकांनी या देशात मुलांपासून जात लपविली. ते प्रेमापोटी केले, हे मी जाणतो. परंतु ती मुले आता लिहू लागली आहेत आणि आपल्याला प्रश्न विचारीत आहेत. त्यांना उत्तरे द्या. एजंट पुढे मिळेल किंवा न मिळेल; परंतु आजी-आजोबांची हकीकत घरातच दडपली गेली, तर पाठविण्यासाठी हस्तलिखितच उरणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!