पायरीवर बसलेले मूल



आपल्या मंडळाच्या अंगणात रोज संध्याकाळी लगोरी, लंगडी, खो-खो रंगतो. पण एकदोन मुले पायरीवरच बसलेली असतात. एकाच्या पायांत बळ नाही, एकीला दिसत नाही. बालगृहातली मुले तर फाटकाशीच उभी. आपण मायेने म्हणतो, "तू बस हो, पडशील!" हातावर खाऊ ठेवतो आणि आपले काम झाले असे समजतो.

खाऊने पोट भरते, पण अंगातली रग जिरत नाही. अपंग मुलांनीही रोज सरासरी ६० मिनिटे चांगली हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले व कमरेखाली लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे, अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. त्यांना कुणी काठावरच बसवून ठेवले असते तर?

मूल बदलता येत नाही. खेळाचे नियम बदलता येतात. अंधांच्या क्रिकेटचा चेंडू खुळखुळतो. आपण कापडी चेंडूत घुंगरू शिवावेत. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी लगोरी स्टुलावर रचावी, रेघ जवळ आखावी. ऐकू न येणाऱ्यासाठी शिट्टीबरोबर रुमाल हलवावा. फिट येत असेल, हृदयाचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि काय जमेल, हे त्या मुलालाही विचारावे.

कुणी म्हणेल, लागले-खुपले तर? आपली मुले गुडघे फोडून येतात. आपण हळद दाबतो आणि पुन्हा खेळायला धाडतो. या मुलांच्या वाट्याला तेवढी हळदही येऊ नये काय?

माझ्या दोन सूचना आहेत. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण न लुटता त्या पैशांत फाटकाच्या दोन पायऱ्यांशेजारी खुर्ची चढेल असा उतार बांधावा. दुसरे, बालगृहाच्या अधीक्षकांची परवानगी घेऊन दर शनिवारी तासभर तिथल्या मुलांना खेळायला आणावे व आपण दोघीदोघींनी पाळीने हजर राहावे.

वाणाची वाटी फडताळात पडून राहते. उतार रोज वापरात येईल. ज्यांना पटेल त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत, एवढेच माझे मागणे आहे.