मोहोर बघून पेट्या मोजू नका



आज आपण पेन्शनबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्ही बागायती करणारी माणसं, रापण ओढणारी माणसं. आम्हांला कुठली पेन्शन? पण आपल्या मिठबावात वाडी-वाडीत कुणी ना कुणी सरकारी चाकरीत आहे, नाहीतर होतं. कुणाचा मुलगा शिक्षक आहे. कुणाची सून परिचारिका आहे. कुणाचा भाऊ कचेरीत शिपाई आहे. पेन्शन एकाच्या नावावर असते, पण तिच्यावर चूल सगळ्या घराची पेटते. म्हणून हा विषय सगळ्यांचा आहे.

हल्ली मोबाईलवर पेन्शनचा हिशेब करून देणारी यंत्रं निघाली आहेत. जन्मतारीख घाला, नोकरीची तारीख घाला, पगार घाला, की लगेच आकडा येतो. दरमहा इतके रुपये, एकरकमी इतके लाख. आकडा मोठा असला की माणूस हरखतो. पुष्कळजण मोबाईल घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "गुरुजीनू, ह्या खरा काय?" आम्ही सांगतो, गणित बरोबर असेल, पण ते तुमचं आहे का, ते आधी बघा.

यंत्र गुणाकारात चुकत नाही. ते चुकतं नियमात. यंत्रात नियम भरणारा कुणीतरी माणूसच असतो. त्याने कुठल्या सरकारचा नियम भरला, कुठल्या साली भरला, हे आपल्याला दिसत नाही. आता उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण तारखेचं. केंद्र सरकारने नवी पेन्शन योजना १ जानेवारी २००४ पासून सुरू केली. महाराष्ट्र सरकारने ती १ नोव्हेंबर २००५ पासून लागू केली. समजा, एक शिक्षक जून २००४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत रीतसर नेमणुकीने लागला. तो जुन्या पेन्शनचा धनी. पण यंत्र केंद्राच्या नियमाचं असेल तर त्याला नव्या योजनेत ढकलून देईल. आणखी एक गोष्ट. भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली, पण नेमणूक नंतर झाली, अशा राज्य कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन घेण्याचा पर्याय २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने एकदा दिला गेला. जे यंत्र जाहिरातीची तारीखच विचारत नाही, त्याला हे कसं कळणार?

दुसरं उदाहरण शिळ्या नियमाचं. पूर्वी पूर्ण पेन्शनला ३३ वर्षांची नोकरी लागायची. आता ती अट राहिलेली नाही. समजा, शेवटचा मूळ पगार ५०,००० रुपये आणि नोकरी २२ वर्षं. आजच्या नियमाने पेन्शन पगाराच्या निम्मी, म्हणजे २५,०००. यंत्रात ३३ वर्षांचा नियम राहून गेला असेल तर ते १६,६६७ दाखवील. महिन्याला ८,३३३ रुपयांचा फरक! तसंच ग्रॅच्युइटीचं. राज्य कर्मचाऱ्यांसाठी तिची कमाल मर्यादा १४ लाख होती. १ सप्टेंबर २०२४ पासून ती २० लाख झाली. जुनं यंत्र १४ लाखांवरच अडून बसेल.

तिसरं उदाहरण सगळ्यांत महत्त्वाचं. ते पेन्शन विकण्याचं. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. वरच्या २५,००० पैकी १०,००० विकले, तर ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला वर्षाच्या १,२०,००० रुपयांची ८.३७१ पट मिळते. म्हणजे १०,०४,५२० रुपये. केंद्रातला माणूस बहुधा ६० व्या वर्षी निवृत्त होतो. त्याची पट ८.१९४, आणि रक्कम ९,८३,२८०. इथेही यंत्र कुठल्या सरकारचं, ते बघावं लागतं.

पण खरी मेख पुढे आहे. यंत्र वर लिहितं, पेन्शन २५,०००. खाली लिहितं, एकरकमी दहा लाख. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्ही मिळणार. तसं नव्हे! दहा लाख घेतले की हाती मूळ पेन्शन १५,००० येते, आणि पूर्ण २५,००० वरचा महागाईभत्ता. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. आता २५,००० धरून कुणी घराचं कर्ज काढलं, मुलीच्या लग्नाचा खर्च ठरवला, तर दर महिन्याचे दहा हजार आणायचे कुठून?

नव्या योजनेत तर आकडा आधी सांगताच येत नाही. कर्मचारी आपल्या पगाराचे १० टक्के भरतो, राज्य सरकार १४ टक्के भरते. ते पैसे बाजारात गुंततात. यंत्र विचारतं, दरसाल किती टक्के वाढ धरू? तुम्ही १० म्हणालात तर १० धरतं, १२ म्हणालात तर १२. आपणच अंदाज सांगायचा आणि यंत्राने तो आपल्यालाच परत सांगायचा! त्याला हमी म्हणत नाहीत. आणि एस. टी.च्या कामगाराने सरकारी नोकराच्या यंत्रात आपला पगार घालूच नये. त्याची पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेची. तिचा हिशेबच निराळा.

आपल्याला आंब्याचा धडा ठाऊक आहे. मोहोर भरघोस आला म्हणून कुणी पेट्या मोजल्या आणि दलालाकडून उचल घेतली, तर अवकाळी पाऊस काय करतो, ते सांगायला नको. मोबाईलवरचा आकडा हा मोहोर आहे. पेटी भरते ती मंजुरीच्या कागदाने.

मग करायचं काय? घरातल्या माणसाचं सेवापुस्तक मागून बघा. त्याची प्रत मागता येते. नेमणुकीची तारीख, पगारवाढीच्या नोंदी, बिनपगारी रजा, वारसाचं नाव, एकेक ओळ वाचा. काही बिनपगारी रजा नोकरीत धरली जात नाही. यंत्राला ती दिसत नाही, सेवापुस्तकात दिसते. निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं असतानाच कचेरीत जा आणि हिशेब लेखी मागा. पेन्शनचा मंजुरी आदेश हाती आल्याशिवाय त्या पैशांवर कुणाला शब्द देऊ नका. आणि पेन्शन सांगतो म्हणून बँकेचा खातेक्रमांक, आधार क्रमांक किंवा फोनवर आलेला गुप्त आकडा कुणी मागितला, तर तो देऊ नका. अंदाज सांगायला त्यांची गरज नसते.

भगिनींनो, तुम्हांला एक वेगळं सांगणं आहे. नवऱ्यामागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते सर्वसाधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के असतं. ५०,००० पगार असेल तर १५,०००. सेवापुस्तकात तुमचं नाव आहे का, बरोबर लिहिलं आहे का, ते तुम्ही स्वतः वाचा. नावात एक काना-मात्रा चुकली तरी पुढे खेटे घालावे लागतात.

पूर्वी हे कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. आता तुम्हांला अक्षरं येतात, आकडे येतात. पगाराचे निम्मे करायचे, विकलेला भाग वजा करायचा. हे गणित चौथीच्या मुलाचं आहे. मोबाईल खुशाल बघा. पण मग पाटी घ्या आणि ताळा स्वतः करा. आकडा जुळला नाही, तर तो घेऊन कचेरीत विचारायला जा. विचारायचा तुम्हांला हक्क आहे.