पेंगणारा जागल्या

अवयव प्रत्यारोपण हा शब्द आपल्या रेणापूर-लातूर भागात घरोघरी पोचला तो 2012च्या ऑगस्टमध्ये. यकृत आणि मूत्रपिंडाची वाट पाहत माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख चेन्नईत वारले, तेव्हा. आज तान्ह्या लेकरांचंही यकृत बदलतात. पित्तनलिका जन्मतःच बंद असलेल्या लेकराला पुष्कळदा आईच आपल्या यकृताचा तुकडा देते.

शरीराला मात्र आईचं यकृतही परकंच. शरीर त्याच्यावर तुटून पडू नये म्हणून टॅक्रोलिमससारखं औषध दर बारा तासांनी द्यावं लागतं. ते शरीरातल्या जागल्याला, म्हणजे प्रतिकारशक्तीला, पेंगत ठेवतं. पण जागल्या पेंगला की रानडुकरांचंही फावतं.

एप्स्टीन-बार विषाणू हे त्यातलंच एक. 1964 साली तो सापडला. पसरतो थुंकीतून. आजीच्या ताटातला उष्टा घास खाता खाता आपल्याकडच्या बहुतेक मुलांना तो लहानपणीच गाठतो आणि पांढऱ्या पेशींत जन्मभर गप्प पडून राहतो. सात-आठ महिन्यांच्या लेकराला तो पुष्कळदा अजून भेटलेला नसतो. मग तो आईच्या यकृताबरोबर भेटू शकतो, नेमका जागल्या पेंगलेला असताना. तसं झालं तर त्या पेशी बेसुमार वाढू शकतात आणि त्यातून लसिका ग्रंथींचा कर्करोग होऊ शकतो. बहुतेक मुलांना तो होत नाही. पण धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त, त्यातही पहिल्या वर्षात.

तेव्हा गळ्यात-काखेत गाठ, न उतरणारा ताप, नव्यानं सुरू झालेलं घोरणं, शौचातून रक्त, घटणारं वजन, यांतलं काही दिसलं तर दृष्ट काढत आठवडा घालवू नका.

अमेरिकेतले शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं, की औषधाची मात्रा कमी केल्यावर अशा काही गाठी विरून जातात. जागल्या जागा झाला की तोच डुकरं हाकलतो. पण त्याला किती जागं करायचं, ते रक्त तपासून डॉक्टरच ठरवतात. कॅन्सरच्या धास्तीनं आपणच औषध बंद केलं, तर आईनं दिलेलं यकृत हातचं जायचं.

लेकरू तापलं, तर गावातल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : याचं यकृत बदललंय. प्रत्यारोपण झालेल्या दवाखान्यात त्याच दिवशी फोन लावा. आणि त्यांनी वेगळं सांगितलं नाही, तर रात्री आठचं औषध आठलाच द्या.