घडणावळ आणि पाठवणीचा खर्च
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



ऑनलाइन दुकानात देशांतर्गत आणि परदेशी पाठवणीची व्यवस्था कशी लावावी, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय रुक्ष आहे खरा. परंतु ज्ञातीच्या चरितार्थाशी त्याचा संबंध इतका निकटचा आहे की, तो टाळणे योग्य होणार नाही.

आपण तांबट. तांब्यापितळेवर हातोडीचे मठार उठविणे हे आपले वंशपरंपरागत कसब. स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिक घरोघर आले, तेव्हा हंडे-घंगाळे माळ्यावर गेली आणि आपल्यांतील कित्येक घरांच्या ऐरणी मुक्या झाल्या. सांप्रत त्याच मठारकामाला दूरदूरची गिऱ्हाइके मागणी करीत आहेत, आणि आपल्या मुलामुलींनी व सुनांनी घरबसल्या ऑनलाइन दुकाने मांडली आहेत. हे शुभचिन्ह होय. परंतु कामात खोट नसता, मालाला मागणी असता, केवळ पाठवणीच्या हिशेबात बुडून दुकान बंद करण्याची पाळी येऊ शकते. ती कोणावर येऊ नये, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

आपला सारा व्यवहार तोलावर. भांडे तराजूत घालावे, धातूचे मोल धरावे, वर घडणावळ लावावी, ही आपली चाल. कुरिअरवाला मात्र तराजूबरोबर मोजपट्टीही घेऊन बसतो. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरांत घेऊन गुणावी आणि 5000 ने भागावे. येणारा आकडा म्हणजे खोक्याचे आकारमानी वजन. बहुतेक कंपन्यांची रीत हीच. हे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत जे अधिक, त्यावर भाडे. समजा, खोके तिन्ही बाजूंनी 30 सेंटीमीटरांचे आहे. गुणाकार 27,000, भागाकार 5.4 किलो. आतला हंडा वेष्टनासह तीनच किलो भरला, तरी भाडे साडेपाच किलोंचे पडेल. म्हणजे हंड्याच्या पोटातील पोकळीचेही पैसे आपणच मोजतो.

यावर उपाय आपल्या घरांतच आहे. हंड्यात कळशी, कळशीत तांब्या, अशी उतरंड करून संच विकावा. समईचे भाग फिरवून सुटे करावेत आणि उभ्या समईऐवजी आडवे, आखूड खोके धाडावे. दुकानात माल चढविताना वजन व मापे भांड्याची न लिहिता बांधलेल्या खोक्याची लिहावीत. कंपनीच्या गोदामात खोके यंत्रावर पुन्हा मोजले जाते आणि फरकाची रक्कम मागाहून विक्रेत्याच्या खात्यातून वळती होते.

आता देशांतर्गत दर. याचे तीन मार्ग आहेत: सर्वत्र एकच दर, विभागवार दर, किंवा ठराविक रकमेपुढे मोफत पाठवणी. एकच दर गिऱ्हाइकास सोपा वाटतो, पण जड मालाला तो घातक. समजा, पुण्याहून नाशिकला 150 रुपये लागतात आणि गुवाहाटीस 500. आपण सर्वत्र 200 ठेवले, तर ईशान्येकडील प्रत्येक मागणी घडणावळ खाऊन टाकील. म्हणून लहान तांब्या-फुलपात्रांस एकच दर आणि हंडे, घंगाळे, बंब यांस विभागवार दर ठेवावा, असे आमचे मत आहे.

विभाग पाडण्यास पिनकोड उपयोगी पडतो. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली ही सहा अंकी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या महाराष्ट्रीय गृहस्थांच्या बुद्धीचे फळ. संस्कृत कवी म्हणूनही त्यांचा लौकिक होता. पहिला अंक 4 असेल तर पत्ता महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वा छत्तीसगड यांतला. 7 असेल तर पूर्व वा ईशान्य भारतातला. एवढी खूणगाठ बांधली तरी अंदाज सहसा चुकत नाही. मोफत पाठवणी ठेवणे असेल, तर तो खर्च किमतीत आधीच धरावा. पदरमोड करून दिलेले औदार्य फार दिवस टिकत नाही.

माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सवलत जपून द्यावी. गिऱ्हाइकाने खोके परतविले, तर बहुधा जाण्याचे आणि येण्याचे अशी दोन्ही भाडी विक्रेत्याच्या माथी बसतात. नाव कोरून मागविलेल्या भांड्यास ही सवलत मुळीच नसावी. तसेच घडणीचे दिवस आणि प्रवासाचे दिवस निरनिराळे लिहावेत. मठारकाम घाईने होत नाही. हे आधी सांगितले, तर सुज्ञ गिऱ्हाईक वाट पाहते.

परदेशी पाठवणीस आरंभ करताना साऱ्या जगाची दारे एकदम उघडू नयेत. दोन-तीन देश निवडावेत. प्रथम विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा. तो पॅन क्रमांकाशी जोडलेला असतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती ऑनलाइन पडताळून कायम करावी लागते. टपाल खात्याने 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रे काढली आहेत. तेथे टपालाने जाणाऱ्या मालाची सीमाशुल्काची कागदपत्रे विद्युत्पद्धतीने भरता येतात. तांब्याच्या घरगुती भांड्यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण 7418 या शीर्षकाखाली येते. विकलेल्या मालावर भेटवस्तू असे लिहू नये व किंमत कमी दाखवू नये. ते असत्य आहे, आणि खोके हरवल्यास भरपाई मागण्याचे तोंडही उरत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न, त्या देशाची जकात कोणी भरावयाची? अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या मालाला जकातमाफी होती. 29 ऑगस्ट 2025 पासून ती उठली. त्या सुमारास आपल्या टपाल खात्यानेही तिकडील पार्सले काही आठवडे थांबविली होती. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2021 पासून 135 पौंडांपर्यंतच्या मालावरील मूल्यवर्धित कर विक्रीच्या वेळीच वसूल होतो. बाजारपेठेच्या संकेतस्थळावरून विक्री झाल्यास तो त्या संकेतस्थळाने भरावयाचा असतो. नियम असे पालटत राहतात. म्हणून निवडलेल्या देशांचे नियम वेळोवेळी पाहावेत. जकात आपण भरणार असू तर ती किमतीत धरावी. घेणाऱ्याने भरावयाची असेल तर तसे मागणी नोंदविण्यापूर्वीच ठळक लिहावे. दारात अनपेक्षित जकात उभी राहिली की गिऱ्हाईक माल नाकारते, आणि तो सातासमुद्रांपलीकडून परत आणण्यास भांड्याच्या किमतीहून अधिक पैसे पडू शकतात.

जुन्या मराठी मासिकांतील जाहिरातींत किमतीपुढे 'ट. ख. निराळा' एवढी अक्षरे असत. त्यांत व्यापाराची नीती होती: खर्च आधी सांगावा, मग पैसा घ्यावा. आपले गिऱ्हाईक घडणावळीबद्दल कुरकुरत नाही, कारण तराजू त्याच्यासमोर असतो. पाठवणीचा हिशेबही तसाच समोर ठेवा. पूर्वजांनी हातोडीने मिळविलेली पत हिशेबाच्या हलगर्जीपणाने गमावू नये, एवढीच विनंती.