नाव न ऐकलेले विद्यापीठ



पत्रिकेतील विषय वाचून काही मित्रांनी मला विचारले, "कामगार संघटनेच्या माणसाने विद्यापीठांवर काय बोलावे?" प्रश्न रास्त आहे. मी कोणत्याही विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. परंतु कामगाराचा मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की पुढे कोठे जावे, हा प्रश्न आमच्या कचेरीत पगारवाढीच्या प्रश्नाइतक्याच वेळा येतो. त्याचे उत्तर शोधताना घरोघर जो एक घोटाळा होतो, तो मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. प्रसिद्धी आणि प्रतिष्ठा या दोन वस्तूंना आपण एकच समजतो, हा तो घोटाळा.

प्रसिद्धी म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक असणे. प्रतिष्ठा म्हणजे त्या कामातल्या माणसांना ठाऊक असणे. कारखान्यात कोणत्या टर्नरचा हात चांगला आहे, हे फाटकाबाहेर कोणाला माहीत नसते. पण शेजारच्या लेथवरच्या माणसाला विचारा, तो क्षणात नाव सांगेल. विद्यापीठांचेही तसेच आहे. काही विद्यापीठांची नावे पानाच्या ठेल्यावरही घेतली जातात. काहींची नावे केवळ त्या विषयातले लोक जाणतात, आणि मान मात्र मोठा देतात.

उदाहरण फार दूरचे घेत नाही. आपल्या शहरातून दरवर्षी किती मंडळी तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला जातात! त्याच तुळजापुरात आपसिंगा रस्त्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार आहे. तेथे शिकणारी मुले तिला थोडक्यात 'टिस' म्हणतात. १९८६ साली संस्थेने ग्रामीण प्रश्नांच्या कामासाठी मराठवाड्यात हे ठाणे मांडले. देवीच्या देवळाचा रस्ता ज्यांना पाठ आहे, त्यांतल्या कितीजणांनी या संस्थेचे नाव ऐकले असेल? पिकते तेथे विकत नाही, म्हणतात ते असे.

ही संस्था काही कालची नव्हे. १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात, सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने, समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा म्हणून ती सुरू झाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ त्याआधी नागपाड्याच्या गरीब वस्तीतच काम करीत होते. १९५४ साली संस्था देवनारला गेली आणि १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे वीस वर्षे संचालक असलेले प्रा. मा. स. गोरे पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नर्मदेच्या खोऱ्यातील विस्थापितांसाठी लढणाऱ्या मेधा पाटकर याच संस्थेत शिकल्या. मेधाताईंचे नाव या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या कोठे शिकल्या, हे किती जणांना ठाऊक होते?

संस्थेच्या कामाचेही असेच झाले आहे. संकटातल्या मुलाला मदत हवी असेल तर १०९८ हा क्रमांक फिरवावा, हे पुष्कळांना माहीत आहे. आज ती सेवा शासनाच्या हाती आहे; पण १९९६ साली ती या संस्थेचा एक प्रकल्प म्हणूनच मुंबईत सुरू झाली. छळ सोसणाऱ्या स्त्रियांसाठी पोलिसांच्या कचेरीतच समाजकार्यकर्ती बसावी, ही कल्पनाही संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने अंमलात आणली. काम लोकांपर्यंत पोहोचले, नाव पोहोचले नाही.

आता कोणी म्हणेल, नाव न पोहोचल्याने बिघडले काय? बिघडले ते सांगतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे मालकावर बंधनकारक केले. २०२० च्या संहितेत तो आकडा अडीचशेवर आणला आहे. हे अधिकारी आणि एकूणच कामगारविषयक व्यवहार पाहणारे अधिकारी तयार करण्याचे शिक्षण या संस्थेत कित्येक दशके दिले जात आहे. मोठ्या कंपन्या तेथे जाऊन विद्यार्थी निवडतात. म्हणजे या संस्थेची किंमत मालकाला पुरती ठाऊक आहे. वाटाघाटीच्या टेबलावर समोरच्या बाजूला तेथे शिकलेली माणसे बसतात. आमच्या बाजूला बसलेल्या कामगाराने संस्थेचे नावही ऐकलेले नसते. कामगाराचे जीवन हाच जेथे अभ्यासाचा विषय आहे, तेथे आपली मुलगी जाऊ शकते, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. ज्ञान एकाच बाजूला साठत जाते ते असे.

समजा, एखादी मुलगी तेथे गेलीच. मग तिचा प्रवास एकटीचा असतो. नातेवाईक विचारतात, "टाटांच्या कारखान्यात लागली का?" मामा म्हणतो, "समाजसेवा करायला शिकावे कशाला लागते?" लग्नाच्या बोलण्यात डॉक्टर, इंजिनीअर एवढी दोनच नावे उजळतात. तिकडे वर्गात सारा व्यवहार इंग्रजीत. वर्गाबाहेरचा अभ्यास वस्त्यांतून, रुग्णालयांतून, खेड्यांतून करावयाचा. घरी आल्यावर हे सांगायला शब्द नसतात आणि ऐकायला कोणाला सवड नसते. नावाजलेल्या विद्यापीठात गेलेल्या मुलाला घरचा अभिमान आयता मिळतो. हिला तो दर सुट्टीत नव्याने मिळवावा लागतो.

म्हणून मी अशा मुलांना एक गोष्ट सांगतो. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. विलायत आणि बॅरिस्टरी हे शब्द त्या काळी लोकांच्या कानावर होते. परंतु कोलंबिया हे नाव परळच्या चाळीत किती जणांनी ऐकले असेल? आज या शहरात नागसेनवनाच्या सावलीत वाढलेले पोरदेखील ते नाव घेते. त्या विद्यापीठाचे नाव आपल्या घरांत आले ते बाबासाहेबांमुळे. विद्यार्थीही विद्यापीठाचे नाव मोठे करीत असतो, हे विसरू नये.

मात्र मी येथे कोणा संस्थेची जाहिरात करायला उभा नाही. प्रतिष्ठा असली म्हणजे दार सर्वांना उघडे असतेच असे नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी, तुळजापूरसह तिच्या चारही आवारांत, वर्गांवर बहिष्कार टाकला होता. शासनाची शिष्यवृत्ती मिळणाऱ्या दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांची फी संस्थेने आधी मागू नये, अशी त्यांची मागणी होती. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात आणि फी मात्र आधी भरावी लागते. या दोन तारखांच्या मधल्या काळात शेतमजुराच्या मुलाने काय करावे, हा त्या संपाचा प्रश्न होता. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी फी किती, ती कधी भरावयाची, वसतिगृहाचा खर्च काय आणि शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हाती येते, हे लेखी विचारून घ्यावे. वेतनकराराचा मसुदा आपण जसा ओळ न् ओळ वाचतो, तसे माहितीपत्रक वाचावे.

आणखी एक सावधगिरी. नाव ऐकलेले नाही म्हणून संस्था वाईट नव्हे, तशीच ती त्या कारणाने चांगलीही ठरत नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी दुकाने आज गल्लोगल्ली आहेत. पारख कशी करावी? तीन प्रश्न पुरेत. ज्या कामाचे शिक्षण घ्यावयाचे, त्या कामात वीस वर्षे घालवलेला माणूस या संस्थेविषयी काय म्हणतो? दहा वर्षांपूर्वी तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे आहेत? आणि शिकत असताना विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करावे लागते की केवळ टिपणे उतरवावी लागतात? या तिन्हींची उत्तरे मोठ्या फलकावर नसतात. ती माणसांना भेटूनच मिळवावी लागतात.

सुखवस्तू घरांत ही उत्तरे जेवणाच्या पाटावर मिळतात. काका प्राध्यापक असतो, आत्या अधिकारी असते. कामगाराच्या घरी अशी आत्या नसते. तेथे ती जागा आपण भरून काढली पाहिजे. युनियनच्या कचेरीत बोनसच्या नोटिशीशेजारी प्रवेशपरीक्षांच्या तारखा लागाव्यात. वाचनालयात अशा संस्थांची माहितीपत्रके असावीत. या शहरातून जी मुले अशा ठिकाणी शिकून आली आहेत, त्यांना वर्षातून एकदा वाळूजच्या आणि चिकलठाण्याच्या वस्त्यांत बोलवावे आणि त्यांच्याकडून मराठीत सगळे ऐकावे. याला पैसा लागत नाही. एक संध्याकाळ आणि दहा खुर्च्या लागतात. हे काम आमच्या संघटनेने या जूनपासून सुरू करण्याचे ठरविले आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा शिकलेला मुलगा वा मुलगी असेल, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.