स्वागताध्यक्षीय भाषण : नरोत्तमाची लेक

मध्ययुगीन साहित्यातला व आजच्या समाजातला स्त्री-पुरुषांचा दुहेरी न्याय तपासायला महाराष्ट्र, गोवा आणि आखातातून आलेल्या अभ्यासकांनो,

मस्कतच्या मराठी मंडळींच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. मी व्यापारी माणूस. पण या गावावर माझा जीव आहे, म्हणून आधी गावाविषयी बोलतो.

जुन्या मस्कतच्या बंदरावर दोन बाजूंना जलाली आणि मिरानी हे किल्ले उभे आहेत. १५०७ मध्ये पोर्तुगीज इथे आले. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ यांनी त्यांना हुसकावून लावले. त्या विजयात इथल्या एका हिंदू व्यापाऱ्याचा हात होता. त्याचे नाव नरोत्तम. परेरा नावाच्या पोर्तुगीज अंमलदाराने त्याच्या मुलीला मागणी घातली. नकार ऐकून घेईना, तेव्हा नरोत्तमाने होकार देऊन लग्नाच्या तयारीसाठी मुदत मागून घेतली. त्या मुदतीत त्याने परेराला पटवले, की किल्ल्यातले पाणी नासले आहे, गहू जुना झाला आहे, दारूगोळाही नव्याने भरायला हवा. टाक्या आणि कोठारे रिकामी होताच त्याने इमामांना निरोप धाडला. किल्ले पडले. इमामांनी नरोत्तमाच्या घराण्याला जिझिया माफ केला. एकोणिसाव्या शतकातल्या इब्न रुझैक या ओमानी इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे. मस्कतमध्ये राहणाऱ्या प्रत्येक भारतीय मुलाला ती पाठ असावी, असे मला वाटते.

माझ्या वाचनात आलेल्या हकिकतीत बापाचे नाव आहे, परेराचे आहे, इमामांचे आहे. जिच्यावरून हे सारे घडले, त्या मुलीचे नाही. तिला कोणी विचारले का, पुढे तिचे काय झाले, याची एक ओळही नाही.

असाच दुहेरी न्याय आपल्या संतांच्या गोष्टींतही दिसतो. तुकोबांचे वैकुंठगमनही परंपरेने १६५० चेच मानतात. प्रपंचातून मन काढणारा पुरुष विरक्त ठरला. लेकरांच्या पोटासाठी बोलणारी त्यांची बायको जिजाई मात्र आपल्या कीर्तनांत कजागच राहिली. तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईंना नवऱ्याचा मार सोसावा लागला. त्यांनी ते स्वतः अभंगांत सांगितले, म्हणून तरी आपल्याला कळले.

आता अलीकडचे पाहा. १९७० पूर्वी ओमानात आधुनिक शाळा होत्या तीन, त्याही मुलांच्याच. आज याच देशातल्या जोखा अल-हारथी सुलतान काबूस विद्यापीठात शिकवतात आणि २०१९ चा मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या कादंबरीला मिळाला. आपल्या घरांचे काय? नवऱ्यामागे मस्कतला आलेल्या इंजिनिअर मुलीची नोकरी सुटली, तर कोणाला काही वाटत नाही. बायकोच्या नोकरीमागे जावई आला, की गावाकडून फोनवर फोन येतात. हा अन्याय आहे आणि तो आपणच चालवतो आहोत.

आता क्षमायाचना. सभागृह अपेक्षेपेक्षा लहान पडले आहे. निवासाची सोय रूवीत आणि मत्रहमध्ये विभागावी लागली, त्यामुळे ज्येष्ठांना प्रवासाचा त्रास होईल. काल रात्री काही पाहुण्यांना विमानतळावर गाडीची वाट पाहावी लागली, त्यांची विशेष माफी मागतो. भारतातून यायच्या पुस्तकांचे दोन खोके अजून पोहोचलेले नाहीत.

देणगीदारांचे ऋण मोठे आहे. भोजनाचा सारा खर्च एका व्यापारी बंधूंनी उचलला, तिकिटांचा भार तिघा डॉक्टरांनी वाटून घेतला. चौघांचाही आग्रह, की नाव जाहीर करू नका. मुलांनी तांदळाचे पोते उचलण्यापासून पडदे लावण्यापर्यंत सगळे केले. आठवडाभर लाडू-चिवडा करणाऱ्या आणि हिशेब चोख ठेवणाऱ्या भगिनींची नावे स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आहेत, नवऱ्यांच्या नावांआड न दडवता, त्यांची स्वतःची.

गोव्याहून आलेल्या अभ्यासकांना एक विनंती. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगिजांची जुनी दप्तरे आहेत. नरोत्तमाच्या लेकीचे नाव त्यांत कुठे आढळले, तर आम्हाला कळवा. मस्कतच्या मराठी मुलांना आम्ही ते शिकवू.