वैलावरचं कालवण आणि रात्रीची लाइट

आजचा एपिसोड छोटा आहे, पण बरेच दिवस मनात होता. आज बोलणार आहे आमच्या घरच्या चुलीबद्दल. म्हणजे खरं तर चुलीच्या शेजारच्या त्या दुसऱ्या भोकाबद्दल, ज्याला आमच्या सातारा भागात वैल म्हणतात.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीच्या चुलीला लागूनच एक छोटी चूल असते, पण तिला लाकूड घालायला तोंड नसतं. मोठ्या चुलीतून आतल्या आत एक बोगदा तिकडे जातो. जाळ मोठ्या चुलीत होतो, आणि तिथली उरलेली गरम हवा, थोडी ज्वाळ, वैलातून बाहेर पडते. चुलीवर भाकरी चालू असताना वैलावर आमटी रटरटते, भात मुरतो, दूध तापतं. स्वयंपाक झाला की निखारे राखेखाली झाकायचे. चुलीची माती तापलेली असतेच, त्यामुळे वैलावरचं पातेलं पुढे कितीतरी वेळ गरम राहतं. वेगळं सरपण शून्य.

आता माझी चूक. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी घरी गेलो तेव्हा आईचा खोकला थांबत नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुरापासून लांब राहा. मी वाचायला बसलो. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. झालं! दुसऱ्या दिवशी नवी शेगडी आणली, जादा सिलिंडर भरून ठेवला आणि जाहीर केलं, "आई, ही चूल आता मोडायची."

आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "आन् मग रातच्याला दीड वाजता ह्यांस्नी गरम कालवण कोण देणार? तू येतूयास पुण्यासनं?"

मी गप्प. कारण शेतीपंपाची लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रपाळीला आप्पा दारं धरायला जातात आणि परत येतात ते एक-दीडला. आई तोवर झोपलेली असते, पहाटे तिला धारा काढायच्या असतात. आप्पा येतात, हातपाय धुतात, वैलावरचं पातेलं उतरवतात आणि अंधारातच जेवतात. इतकी वर्षं हे चाललंय आणि माझ्या हिशोबात ते कुठंच नव्हतं. मी फक्त 'चूल म्हणजे धूर' एवढंच लिहून ठेवलं होतं.

मग इंजिनियर जागा झाला. पुढच्या खेपेला स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन गेलो. नियम साधा आहे: शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवायचं असेल, तर ते ६० अंशांच्या वर पाहिजे. त्याखाली जंतू वाढायला लागतात. रात्री सव्वानऊला आमटी वैलावर ठेवली, तेव्हा ९१ अंश. साडेअकराला ७४. दीड वाजून गेल्यावर ६३. दुसऱ्या रात्री तेच पातेलं, तेवढीच आमटी, गॅसवरून उतरवून ओट्यावर झाकून ठेवली. दीड वाजता ३६! आई आकडे न मोजताच बरोबर होती.

पण म्हणून धूर खोटा ठरत नाही ना. शिवाय राखेखालच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. दारं-खिडक्या लावून त्याच खोलीत झोपणं जिवावर बेतू शकतं. म्हणजे चूल हवी होती असं नाही. वैलाचं काम हवं होतं.

ते काम करायला आम्ही एक लाकडी खोकं घेतलं. तळाशी आणि चारी बाजूंनी भाताचं तूस कापडी पिशव्यांत भरून घट्ट बसवलं, वर घालायला तुसाचीच एक उशी. गॅसवर आमटीला खळाखळा उकळी आणायची, झाकण लावून पातेलं लगेच खोक्यात ठेवायचं, उशी दाबायची आणि मध्ये उघडून बघायचं नाही. तुसात अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. पहिल्या रात्री पातेलं अर्धंच भरलेलं होतं, दीडला ५४ आलं. आप्पांनी ते परत उकळून घेतलं आणि मला काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. दुसऱ्या रात्री पातेलं काठोकाठ भरलं, फटी कापडानं बुजवल्या. दीडला ६६.

भाकरी मात्र त्यात ठेवू नका, घाम सुटून लगदा होतो. ती फडक्यात गुंडाळून दुरडीतच बरी.

चूल मोडली का? नाही. आईनंच ठरवलं. परसात पत्र्याच्या शेडखाली तिनं नवी चूल घातली, वैलासकट. पाहुणे आले की आणि आंबील करायची असली की ती पेटते, एरवी गॅस. खोकला पूर्ण गेला नाही, पण रात्री उठून बसावं लागत नाही आता.

ऑफिसमध्ये जुना कोड काढताना आम्ही आधी विचारतो, हा कोण वापरतंय? तो प्रश्न मी स्वतःच्या आईला विचारायला विसरलो होतो. तुमच्याही घरात असं काहीतरी जुनं असेल, जे काढून टाकायची तुम्हाला घाई झालीय. काढाही, कदाचित काढायलाच हवं असेल. फक्त आधी विचारा, त्यावर रात्री कुणाचं जेवण असतं का.

तुमच्याकडे वैलाला काय म्हणतात, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि गरम जेवा!